टारकोव्हच्या हाइडआउटवर पैसे घालावेत, की गोळ्यांवर?

तापीकाठ (भुसावळ)

राम राम मंडळी. धागा एस्केप फ्रॉम टारकोव्ह हा बंदुकबाजीचा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्यांसाठी आहे, पण बाकीच्यांनीही यावं, गप्पांना बंदी नाही.

मी पीव्हीई मोड खेळतो, म्हणजे समोर सगळे बॉट, कॉम्प्युटरने चालवलेले. ऑनलाइनमध्ये कॉलेजची पोरं मला झुडपात बसायलाही वेळ देत नाहीत. नोकरी शिफ्टची, रात्री एक-दोन रेड (मैदानात उतरून माल घेऊन जिवंत परतायच्या फेऱ्या) झाल्या की डोळे मिटायला लागतात.

प्रश्न हाइडआउटचा, म्हणजे गेममधल्या आपल्या अड्ड्याचा आहे. जनरेटर दुसऱ्या लेव्हलला आणलाय, वर्कबेंच, मेडस्टेशन, पाण्याचा कलेक्टर झालाय. पुढची यादी बघितली की घाम फुटतो (तसा तो सध्या यादी न बघताही फुटतोय). आधी इंटेलिजन्स सेंटर दुसऱ्या लेव्हलला न्या, मग बिटकॉइन फार्म (ग्राफिक्स कार्डं लावून बिटकॉइनची नाणी काढायची खोली) उघडणार, मग सोलर. प्रत्येकाला वायरी, बोल्ट, नट, होज पाइप आणि वर रुबलची थप्पी. तेवढ्या पैशात चांगलं आर्मर आणि भेदणाऱ्या गोळ्या घेऊन मी महिनाभर ऐटीत खेळीन.

मित्र म्हणतो, फार्म लाव, घरबसल्या पैसे येतात. ‘घरबसल्या पैसे’ ऐकलं की मी आधी खिसा धरतो. कोणी हिशेब मांडून बघितलाय का? खरंच वसूल होतं?

एकटा_स्कॅव्ह

नाही. पुढचा प्रश्न.

कळणाभाकर (चोपडा)

एकट्याचं ऐकू नका, तो फुकटच्या स्कॅव्ह रेड (भुरट्या लुटारूच्या वेशात, स्वतःचं सामान न लावता) मारून मारून जगतो. त्याच्या हाइडआउटमध्ये अजून एक बल्ब आणि उंदीर.

माझं मत: वसूल होतं. पण सगळं नाही.

एकटा_स्कॅव्ह

उंदीर बिनभाड्याचा आहे.

निवांत_पाचोरा

गोळ्या. डोळे झाकून गोळ्या. ५० ग्राफिक्स कार्डं घरात ठेवून हातात साध्या गोळ्या घेऊन जाणारे मी बघितलेत. समोरच्याच्या आर्मरवर टकटक वाजवून परत येतात. म्हणजे येतच नाहीत.

सातपुडा_स्नायपर (शिरपूर)

तापीकाठ दादा, भुसावळात राहता, वरणगावची आयुध निर्माणी शेजारी, आणि तुम्ही गोळ्यांची चिंता करताय?

तापीकाठ

तिथल्या गोळ्या गेममध्ये चालत नाहीत रे भाऊ. कॅलिबर जुळतं, गेटवरचे साहेब जुळत नाहीत.

आकडेवाली_धुळे

दादा, ‘हाइडआउट वसूल होतं का’ याला एक उत्तर नाही. खोलीगणिक वेगळं आहे, आणि त्याहून जास्त तुम्ही आठवड्यात किती वेळा लॉगिन करता त्यावर आहे. मी दिवसभर लोकांची खाती लिहिते, त्यामुळे हा हिशेब केल्याशिवाय मला झोप लागली नव्हती.

फार्म घ्या. पहिल्या लेव्हलला १० कार्डं बसतात, दुसऱ्या लेव्हलला २५, तिसऱ्या लेव्हलला ५०. सगळे सांगतात, पन्नास भरून टाका. पण कार्डं पाचपट केली म्हणून वेग पाचपट होत नाही. एका कार्डावर एक नाणं निघायला साधारण ४० तास लागतात. दहा कार्डांवर ३० तासांच्या जरा आत. पन्नास कार्डांवर १३ तासांच्या थोडं वर. (पॅचगणिक, म्हणजे गेमच्या सुधारणेगणिक, आकडे थोडे हलतात, पण चढण अशीच राहते.) म्हणजे पहिलं एकटं कार्डच पूर्ण फार्मच्या एक तृतीयांश काम करतं, आणि उरलेली ४९ कार्डं मिळून दोन तृतीयांश. त्या ४९ची किंमत लावा! एकेक कार्ड लाखाच्या वरचं.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. फार्ममध्ये ३ नाणी साठली की तो थांबतो. तुम्ही येऊन उचलेपर्यंत पुढचं नाणं निघत नाही. पन्नास कार्डांवर ही तीन नाणी पावणेदोन दिवसांत भरतात. तुम्ही शनिवारीच बसणारे असाल तर उरलेले पाच दिवस फार्म नुसता घूं घूं करतो. एका कार्डावर तीच तीन नाणी पाच दिवसांत निघतात. आठवड्याने दोघांच्याही पदरात तीनच.

तेव्हा रोज खेळणाऱ्याने कार्डं वाढवावीत. शनिवार-रविवारवाल्याने एक-दोन कार्डं टाकून बाकी विकावीत आणि निवांत_पाचोरा म्हणतात तशा गोळ्या घ्याव्यात.

कळणाभाकर

ताई, साष्टांग.

गिरणाकाठचा_बंड्या

ताई, तुमनं डोकं शे का कॅल्क्युलेटर? आपले टारकोव्हमधलं काही समजत नही, पन वाचाले मजा उनी.

जुना_प्लेयर_जळगाव

आकडेवाली ताईंचा हिशेब बरोबर आहे, पण अर्धा आहे. इंधन कुठे गेलं?

लोखंडी इंधन टाकी १०० युनिटची असते, ती साधारण २१ तास पुरते. एका कार्डावर तीन नाणी काढायला पाच दिवस, म्हणजे १२० तास जनरेटर चालला. जवळपास सहा टाक्या गेल्या. पन्नास कार्डांवर तीच तीन नाणी ४० तासांत. दोन टाक्यांत काम झालं. नाण्यामागे एकीकडे दोन टाक्या, दुसरीकडे पाऊणसुद्धा नाही. इंधनाचा भाव चढला की एका कार्डाचा फार्म तुमच्याच खिशातून खातो.

‘उरलेले पाच दिवस घूं घूं’ हेही टळतं. शनिवारी जाताना जनरेटरमध्ये भरलेल्या दोनच टाक्या ठेवायच्या. त्या संपल्या की तो आपोआप बंद. तोवर तीन नाणी तयार.

आकडेवाली_धुळे

मान्य, दोन टाक्यांची युक्ती छान आहे. पण ४९ कार्डांचे पैसे तुम्ही आठवड्याला चार टाक्या वाचवून फेडणार असाल तर नातवंडांना वारसाहक्काने फार्म द्यावा लागेल.

जुना_प्लेयर_जळगाव

विकत घेतली तर. माझी अर्धी कार्डं इंटरचेंज या मॅपवरच्या मॉलमधली आहेत. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या मागच्या रॅकवर खाली वाकून बघायचं. लोक उभ्यानेच बघून पळतात. कार्ड दोन खान्यांचं असतं, कडेला तिरकं पडलेलं असतं, अंधारात पुठ्ठ्यासारखं दिसतं.

आकडेवाली_धुळे

सापडलेलं कार्डही विकता आलं असतंच की. ते फार्ममध्ये घातलंत म्हणजे तेवढे पैसे घातलेतच. हे मी क्लायंटना रोज समजावते, त्यांनाही पटत नाही.

पिलबाग_रावेर

आमच्या घरी केळी आहे, म्हणून हा वाद मला ओळखीचा वाटतोय.

केळीचा पहिला हंगाम बघा. रोपं, ठिबक, खत, मजुरी, सगळं आधी जातं. घड हातात यायला वर्षाच्या आसपास. तो पैसा बहुतेक लावणीचा खर्च फेडण्यातच जातो. कमाई दिसते ती पिलबागेत. त्याच खोडाचं पिलू, तीच नळी, लावणीचा खर्च नाही. आता कोणी सांगितलं की पहिला घड कापला की बाग उपटून टाकायची, तर रावेर-यावलमध्ये केळी कोण लावील?

ऑनलाइन टारकोव्हमध्ये वर्षानुवर्षं तेच होत होतं. साधारण सहा महिन्यांनी वाइप, सगळं पुसलं, पुन्हा उंदीर आणि बल्बपासून सुरुवात. तिथे सोलर लावणारा हौशी. पण तापीकाठ दादा पीव्हीई खेळतात आणि तिथे वाइप नाही. तुमची बाग कोणी उपटत नाही. उशिरा का होईना, लावलेलं सगळं फिटतं. माझं सोपं मत: पीव्हीईत घाला, वाइप असेल तिथे पहिल्या महिन्यात घाला नाहीतर घालूच नका.

एकटा_स्कॅव्ह

प्रश्न बंदुकीचा, उत्तर केळीचं. हा धागा खान्देशी आहे हे सांगायची गरज उरली नाही.

सातपुडा_स्नायपर

पिलबाग भाऊ, केळीची लावण मृगबाग की कांदेबाग?

पिलबाग_रावेर

दोन्ही. आणि दोन्हीत वादळ येतं. त्याला आम्ही पॅच म्हणतो.

रस्टी_राव (नंदुरबार)

तुमचं टारकोव्ह म्हणजे बंद खोलीत खेळायचा संसार. तुमच्या हाइडआउटवर कोणी हल्ला करतंय का? रस्ट या गेममध्ये या, मग बेस वाढवणं काय असतं ते कळेल.

तिथे हिशेब सरळ आहे. दगडी भिंतीला ५०० हेल्थ, फोडायला ४ रॉकेट. पत्र्याची केली की १००० हेल्थ, ८ रॉकेट. आर्मर्ड केली की २०००, मग १५ रॉकेट. तुमच्या पेटीत आठ रॉकेटच्या किमतीचा माल नसेल तर रेडर पत्र्याच्या भिंतीला हात लावत नाही. अपग्रेडचा फायदा एवढाच की चोराला धंदा परवडू नये.

पण नवखे काय करतात? सगळ्या भिंती पत्र्याच्या करतात आणि दार साधं पत्र्याचं ठेवतात. ते ४ सॅचेलमध्ये (स्फोटकांच्या पिशव्यांत) जातं. त्याच जागी गॅरेज डोअर लावलं तर ९ लागतात. भिंतीवर खर्च करून दाराला कडी न लावणारे लोक मी रोज बघतो, मी त्यांच्याच जिवावर जगतो.

आणि वर अपकीप. जेवढा वाडा मोठा, तेवढं टूल कपबोर्डमध्ये (बेसच्या कपाटात) रोज लाकूड-दगड-लोखंड ठेवत राहायचं, नाहीतर बेस आपोआप झिजतो. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सक्तीचा वाइप. दर महिन्याला नवी बाग, पिलबाग भाऊ!

पिलबाग_रावेर

तुमच्याकडे मी मजूर म्हणूनही येणार नाही.

निवांत_पाचोरा

रस्टी राव, तुम्ही ऑफलाइन रेड मारता ना? माणूस झोपला की?

रस्टी_राव

झोपलेल्याची लक्ष्मी जागी असते, तिला भेटायला जातो.

चौकीदार (संपादक मंडळ)

रस्टसाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. ऑफलाइन रेडवरून मागे दोन सदस्यांचं खरंच बोलणं बंद झालंय.

मेहरूणचा_वारा (जळगाव)

मी ऑनलाइन खेळतो, आणि मला इथे वेगळंच म्हणायचंय. परवा रात्री रेडमध्ये असताना लाईट गेली. पंखा बंद, कूलर बंद, कॉम्प्युटर बंद, माणूस तिकडे कस्टम्सच्या मैदानात पुतळ्यासारखा उभा. परत येईपर्यंत त्याचे बूटसुद्धा कोणीतरी नेले. (बूट नेता येत नाहीत हे माहीत आहे, भावना समजून घ्या.) आणि गंमत अशी की लाईट इकडची गेली, पण हाइडआउटमधला जनरेटर चालूच. तो सर्व्हरच्या घड्याळावर जळतो. मी गच्चीवर ओल्या चादरीवर पडून विचार करतोय की माझ्या घरात वीज नाही आणि माझ्या खोट्या घरात माझ्या खऱ्या मेहनतीचं इंधन जळतंय.

म्हणून माझा सल्ला, हाइडआउट नंतर. आधी यूपीएस घ्या. पंधरा मिनिटं मिळाली तरी एक्स्ट्रॅक्टपर्यंत (रेडमधून बाहेर पडायच्या जागेपर्यंत) पळता येतं.

कळणाभाकर

+१०००. आणि यूपीएस घेताना मॉनिटर आणि राउटर दोन्ही त्यावर जोडा. एकाने नुसता सीपीयू जोडला होता. अंधारात गेम चालू होता, दिसत काही नव्हतं.

सातपुडा_स्नायपर

सध्या पारा ४५च्या आसपास आहे. कॉम्प्युटर कूलरच्या समोर ठेवणाऱ्यांनी हात वर करा.

तापीकाठ

🙋 मग कुठे ठेवू? मी कूलरसमोर नाही बसलो तर मी बंद पडतो.

सातपुडा_स्नायपर

दादा, कूलरची हवा ओली असते. खोलीची एक खिडकी उघडी ठेवली नाही तर दमट हवा तिथेच फिरते आणि केसमधली धूळ चिखल होऊन बसते. सीपीयू बाजूला घ्या, झोत अंगावर घ्या, समोरची खिडकी चार बोटं उघडी. आणि मे महिन्यात फ्रेम रेट ६०वर लॉक करा. खरं ग्राफिक्स कार्ड एकच आहे ना तुमच्याकडे? त्याचा फार्म नंतर करा.

आकडेवाली_धुळे

विषयावर येऊ या का? दादांनी फार्मबद्दल विचारलं म्हणून सगळे फार्मलाच चिकटलेत. पण मला विचाराल तर हाइडआउटमध्ये सगळ्यात आधी फिटणाऱ्या गोष्टी बिनदिखाऊ आहेत. रेडमधून अर्धमेले होऊन आलात, हातपाय तुटलेले, पोटात अन्न नाही, पाणी नाही. पुढच्या रेडच्या आधी हे सगळं औषधं आणि डबे खर्चून भरता. मेडस्टेशन, हीटिंग आणि पाण्याचा कलेक्टर यांच्यामुळे माणूस तुम्ही झोपेत असतानाही भरत राहतो. रात्री दोन रेड आणि दुसऱ्या दिवशी शिफ्ट, अशा माणसाला याच्यासारखं काही नाही. सकाळी तुम्ही ड्यूटीवर, तो बरा होतोय.

दुसरं, वर्कबेंच. गोळ्यांचा ज्यांना एवढा कळवळा आहे त्यांनी गोळ्या घरी बनवाव्यात. काही चांगल्या गोळ्या बाजारात चढ्या भावाने मिळतात, त्याच गनपावडर आणून निम्म्यात बनतात. तेव्हा ‘हाइडआउट की गोळ्या’ हा वादच मला पटत नाही.

तिसरं, इंटेलिजन्स सेंटर. ते लोक फार्मची पायरी म्हणून बांधतात, पण तिसऱ्या लेव्हलला फ्ली मार्केटची (गेममधल्या खरेदी-विक्रीच्या बाजाराची) फी ३० टक्क्यांनी कमी होते. जो रोज माल विकतो त्याला हे फार्मइतकंच देतं, शिवाय इंधनाची कटकट त्यामानाने कमी.

निवांत_पाचोरा

घरच्या गोळ्यांचं आधी सांगायचं ना ताई. मी कालपासून उगाच भांडतोय.

जुना_प्लेयर_जळगाव

सोलरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. सोलर इंधन अर्ध्यावर आणतं, टाकी २१ऐवजी ४२ तास. ऐकायला भारी. पण ते बांधायला जे लागतं त्याच्या बेरजेत तुम्ही कितीतरी महिने टाक्या भराल. फार्म पूर्ण भरून रोज चालवणाऱ्यालाच. बाकीच्यांसाठी स्विच आहे की, रेडमधून आल्यावर कसलं क्राफ्टिंग चालू नसेल तर जनरेटर बंद करून झोपा. ही सवय लावली तर सोलरचा निम्मा फायदा फुकट.

गिरणाकाठचा_बंड्या

म्हणजे लाईट बंद करी ना झोप, हाई मनी माय बी रोज सांगस. तिले टारकोव्ह माहीत शे का?

एकटा_स्कॅव्ह

बंड्याच्या आईला सदस्यत्व द्या.

पुण्यात_अडकलेला

मूळचा अमळनेरचा, हिंजवडीत आठवा मजला. मी वेगळ्या कारणासाठी हाइडआउट पूर्ण केलं, हिशेबात कधी बसणार नाही. शूटिंग रेंज केली, लायब्ररी केली, सगळे दिवे लावले. रेडला जायचा मूड नसतो तेव्हा नुसता आत फिरतो, बंदुका भिंतीवर लावतो, उतरवतो. दर वेळी परतावा कशाला मोजायचा? गावी वाडा दुरुस्त करतात लोक, तो काय भाड्याने द्यायला करतात?

आकडेवाली_धुळे

नाही, पण खर्च मात्र वहीत लिहितात. :) तुमचं खरं आहे. हौस असेल तर हौसेच्या खात्यात टाका, उत्पन्नाच्या नको.

एकटा_स्कॅव्ह

मी अजूनही ‘नाही’वर ठाम. कारण सांगतो, आज लिहायचा मूड आहे. हाइडआउटचं काम काढलं की माणसाची चाल बदलते. समोर मारामारी चाललीय आणि हा कोपऱ्यात बोल्ट वेचतोय, कारण घरी हीटिंगला चार कमी पडलेत. चांगली बंदूक सोडून बॅगेत होज पाइप कोंबून येतो. मी स्वतः पाहिलंय, तीन जणांच्या टोळीतला एकजण वायरीसाठी मागे राहिला आणि बाकी दोघं मेले. वसूल-बिसूल ठीक आहे, पण खेळायचं काय होतं?

कळणाभाकर

एवढं मोठं वाक्य तुझ्याकडून पहिल्यांदाच.

मात्र मुद्दा बरोबर आहे. माझा तोडगा: यादीतल्या दोनच गोष्टी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवायच्या. आज नुसते नट आणि वायरी. बाकी दिसलं तरी हात लावायचा नाही.

तापीकाठ

सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते सांगतो. हीटिंग आधी, ते माझ्या लक्षातच नव्हतं. वर्कबेंच पुढच्या लेव्हलला. इंटेलिजन्स सेंटर सावकाश. फार्म उघडला की सापडतील ती कार्डं टाकेन, विकत एकही नाही, त्यामुळे आकडेवाली ताई आणि जुने प्लेयर दोघंही सारखेच नाराज राहतील. शनिवारी दोन टाक्यांची युक्ती. सोलर नाही. आणि खऱ्या घरासाठी यूपीएसची चौकशी केली, आज संध्याकाळी बघायला जातोय.

एक अडचण आहे. इंटरचेंजला एकटा गेलो की मॉलमध्ये वाट चुकतो. कोणी येतं का सोबत? रविवारी?

जुना_प्लेयर_जळगाव

येतो. पण रविवारी अखाजी (अक्षय्य तृतीया). दोन्ही बहिणी माहेरी आल्यात, अंगणातल्या निंबाला झोका बांधलाय आणि कॉम्प्युटरच्या खोलीत चार भाचे आहेत. एकाने काल माझा स्टॅश (गेममधलं कोठार) उघडून सगळी औषधं ‘स्वच्छ’ करून विकली.

आकडेवाली_धुळे

भाच्याला कोणत्या खात्यात टाकलंत?

जुना_प्लेयर_जळगाव

बुडीत. मंगळवारी रात्री साडेदहा चालेल का दादा? मी मागच्या रॅक दाखवतो. माईक चालू ठेवा, पण कूलर तेवढा वेळ बंद करा. मागच्या वेळी बॉटची पावलं ऐकूच आली नाहीत, सगळा वेळ तुमच्या कूलरची मोटर.

तापीकाठ

भुसावळात, या दिवसांत, कूलर बंद? त्यापेक्षा मी माईक बंद ठेवतो.